पेटीवाल्याची बैठक

"बसत नाई आता," भगवंतराव म्हनले. बस, येवढंच म्हनले आन् खाली पाहू लागले.

एक्क्याण्णव सालची गोष्ट हाय. दत्ताच्या देवळात सप्त्याची तयारी ठरवाले आमचं भजनी मंडळ जमेल होतं. कापसाची दुसरी वेचनी चालू होती, म्हून सारे दमून येऊन बसेल. पखवाज कोन वाजवन, कोनत्या दिवशी कोनाचं जेवन, सारं ठरलं. मंग उत्तमरावनं इचारलं, "आन् पेटी? भगवंतराव, यंदा कसं?" त्याच्यावर हे उत्तर. आमी साऱ्यांनी एकदमच त्यांच्या उजव्या गुडघ्याकडं पाह्यलं. पोळ्याच्या आधी ते बैलबंडीवरून पडले होते. हाड जुळलं, पन गुडघा काई वाकला नाई. तवापासून पाय लांब करून, भिंतीले टेकून बसत. तसं बसून पेटी कशी वाजवनार?

आता हे सांगतलं पाह्यजे का पेटी भगवंतरावची नव्हती, मंडळाची होती. पन आमच्या गावात चाल अशी का सप्त्यात जो पेटी वाजवते, वर्सभर पेटी त्याच्याच घरी राह्यते. तीस वर्सं ती भगवंतरावच्या ओसरीत, लाकडी चौरंगावर होती. प्रयागवैनी दसऱ्याले घरच्या देवाआधी पेटीले हळदकुंकू लावे. लेकरूबाळ नव्हतं त्यांना. पेटी होती.

उत्तमराव मंडळाचा म्होरक्या. मानूस वाईट नाई, पन किराना दुकानदार, ज्याच्यानं काम अडते ते आधी मार्गी लावाची सवय. तो म्हनला, "मंग मावला गावचा अमृतराव हाय ना, माझा भाचा. शाळेत पेटी शिकेल हाय. त्याले बोलावतो. पेटी मंग त्याच्याकडं जाईन."

झालं. माझं डोस्कं फिरलं. मले राग लवकर येते. माझी बायको भागाबाई म्हनते, तुमचं नाव महिपत नाई, भडकपत पाह्यजे होतं. मी उभाच राह्यलो. "मानसाचा पाय मोडला उत्तमराव, हात तं नाई मोडला! बसता येत नसन तं बसाची सोय करा. हे काय, लगेच पेटी उचलून मावल्याले?"

"सोय म्हंजे काय? खुर्ची? दत्तापुढं खुर्ची चालत नाई. तहसीलदार आला तरी सतरंजीवर बसते."

"खुर्ची कोन म्हनलं? बैठक करतो मी. लोखंडाची. किती उंच चालन तुमच्या दत्ताले?"

उत्तमराव इचारात पडला. मंग म्हनला, "एक वीत. त्याच्या वर बोटभर नाई."

"कोनाची वीत?"

"माझी."

मी तिथंच त्याचा पंजा फरशीवर पसरून धरला, माझ्या टाळाच्या दोरीनं मोजला आन् दोरीले गाठ मारली. सारे हासले. उत्तमरावचा पंजा तसा लहानच, आयुष्यभर तराजूच तं धरला. भगवंतराव तेवढे हासले नाईत. देवळाच्या पायऱ्या उतरतानी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हनले, "महिपत, ऱ्हाऊ दे ना." मले वाटलं भिडेखातर म्हनून राह्यले. मी म्हनलं, "दादा, तुमी गप बसा."

माझं सायकलीचं दुकान हाय, गुडीहत्नूरच्या फाट्यावर, हायवेले लागून. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, थोडं वेल्डिंग, खुरप्या-विळ्याले धार काढाची, शेवटाची भट्टी. गळा मले देवानं देला नाई. भजनात मी टाळ वाजवतो. वीस वर्सं झाली, पेटीच्या डाव्या बाजूले माझी जागा. टाळ मातर माझा असा का फाट्यावर ऐकू जाईन. पितळ नाई, काशाचा हाय.

दुसऱ्या दिवशी माप घ्याले भगवंतरावच्या घरी गेलो. मनात एक गंमत वाटून राह्यली होती. वीस वर्सं ह्या मानसाच्या बाजूले बसलो, पन पेटी वाजवतानी ह्याचं आंग काय काय करते, कधी पाह्यलंच नाई. म्हनलं, "दादा, भिंतीले टेका, पेटी वढा, वाजवून दाखवा." त्यांनी पाय लांब केला, पेटी बाजूले घेतली आन् वाजवली थोडीशी. डाव्या हातानं भाता, उजव्यानं पट्ट्या. पाठ जरा पुढं. आन् डावा गुडघा मुडपून पेटीच्या लाकडाले असा घट्ट टेकवेल, जशी काई पेटी पळून जाईन. मी इचारलं, "गुडघा काऊन टेकवता?" तं म्हनले, "सवय हाय." मी वहीत लिहून घेतलं, डावा गुडघा पेटीले टेकला पाह्यजे.

मंग मागं जाऊन पाठीचं माप घेऊ लागलो. इचारलं, "दादा, कंबर दुखते का?" उत्तर नाई. पुन्हा इचारलं. उत्तर नाई. तेवढ्यात प्रयागवैनी आतून लगबगीनं आली आन् म्हनली, "नाई दुखत, भाऊजी." मले रागच आला. इचारतो मी दादाले आन् बोलते वैनी. पन मानूस दुखावला हाय, बोलत नसन, म्हून मी गप राह्यलो.

आता बैठक करनं म्हंजे काय? येडं काम नाई ते. पाटावर चार पाय ठोकले का झालं असं वाटते. तसं केलंच मी आधी. चार सुती, म्हंजे अर्ध्या इंचाच्या सळईचे चार वाकडे पाय केले, सागाच्या फळीले लावले. मानूस बसला का बैठक बरोबर, पन पेटी राह्यली खाली. हात पोचेना. पेटीखाली ईट ठेवली तं भाता वढला का पेटी सरके. म्हंजे मानसाले उचलायचं तं पेटीलेही उचलाव लागते, अर्ध्या वितानं. आन् दोघायचं अंतर कधी हलायले नाई पाह्यजे. हे मले तिसऱ्या दिवशी कळलं, चहा पिता पिता.

मंग मी सायकलच्या चाकातल्या आऱ्या, म्हंजे तारा घेतल्या. गल्ल्यावर बसून पक्कडीनं वाकवून वाकवून इतकुशी बैठक केली, चिमनी बसन येवढी. एका आरीची एक बाजू. मागून पाय वर जाते, वर गेला का आडवा होते, तिथं मानूस बसनार. मंग खाली जमिनीले येते, तिथून हातभर पुढं जाते, पुन्हा अर्धी वीत वर, आडवा, तिथं पेटी, आन् पुन्हा खाली. एकच सळई, कुठं जोड नाई. जोड नाई ते कारन का करंट नव्हता. त्या आठवड्यात सकाळ-दुपार करंट जाय, वेल्डिंगच्या भरवशावर राह्यलो असतो तं सप्ता निघून गेला असता. भट्टीले करंट लागत नाई.

भागाबाईनं डबा आनला, ते इतकुशी बैठक पाह्यली आन् म्हनली, "आवो, दुकान टाकलं का खेळनी टाकली?"

खरी सळई वाकवाले घेतली तवा नवीनच तमाशा. खडूनं जमिनीवर नकाशा काढेल होता. भट्टीत लाल करायची, शिकंज्यात धरेल पायपाच्या तुकड्यावर वढून वाकवायची आन् नकाशावर ठेवून पाह्याची. पहिला वाक बरोबर आला. दुसरा बोटभर पुढं गेला. तिसरा दोन बोटं. मले समजेना, सळई वाढून राह्यली का काय? दोन घंटे त्याच्यापाई घालवले. मंग ध्यानात आलं का गोल वाकाले काटकोनापेक्षा लांबी कमी लागते, म्हून दर वाकाले थोडी सळई उरते आन् म्होरं सरकते. लोखंड वाढत नाई, माझा हिशेब कच्चा. येवढा आनंद झाला मले हे कळल्यावर का पंक्चरचं गिऱ्हाईक उभं होतं, त्याले फुकटात पंक्चर काढून देलं.

पहिली जोडी लंगडली. जमिनीवर ठेवली तं एक पाय हवेत. दुसरी जोडी बरोबर बसली. सागाच्या दोन फळ्या, एक बुडाखाली, एक पेटीखाली, सायकलच्या क्यारिअरच्या पट्ट्यांनी सळईले आवळून टाकल्या. मंग टाळाची दोरी लावली. जमिनीपासून फळीपर्यंत उत्तमरावची एक वीत, ना कमी ना जास्त.

भगवंतरावले सायकलच्या क्यारिअरवर बसवून दुकानात आनलं. पेटी प्रयागवैनीनं डोक्यावर आनली, दुसऱ्या कोनाच्या हातात देलीच नाई तिनं. भगवंतराव बैठकीवर बसले. उजवा पाय पेटीच्या बाजूनं सरळ पुढं, डावा गुडघा मुडपून पेटीले लागेल. तोंड मातर असं का दवाखान्यात आनेल मानूस. भाता वढला. एक पट्टी दाबली.

आन् थांबले. फळीकडं पाह्यलं. मंग सळईकडं. पुन्हा तीच पट्टी दाबली, खर्जातली, आन् दाबूनच ठेवली. तोंड हळूहळू बदललं त्यांचं. मंग जे वाजवू लागले, बाप्पा! हायवेनं लाऱ्या जाऊन राह्यल्या, हॉर्न, धुरळा, पन त्यांना काईच नाई. घंटाभर वाजवलं. एक लारीवाला हवा भराले थांबेल होता, तो तेलगू मानूस, आपला उकिडवा बसून ऐकत राह्यला आन् जातानी "चाला बागुंदी", लय छान, म्हनून गेला. भगवंतरावच्या डोळ्यात पानी आलं होतं. म्हनले, "महिपत, काय केलंस रे तू हे?"

मी फुगलो. म्हनलं, "काई नाई दादा, गुडघ्याचा कोन बरोबर साधला." गाढव मी.

सप्ता सुरू झाला. पहिल्या दिवशी बैठक देवळात नेली तं सारे पाह्याले जमले, नवरी आल्यासारखे. आन् जो तो तिचं कौतुक करू लागला. भागाबाईनं फळी टोचन म्हून घरच्या कापसाची जाड गादी शिवली होती, वरून लाल खोळ. उत्तमराव म्हनला, "लोखंडानं फरशी खरवडन, नवी हाय," म्हून मी सळईच्या पायांना टायरच्या रबराचे बूट घातले. पेटीच्या पॉलिशले ओरखडे नको म्हून कोनीतरी तिच्याखाली घोंगडी घडी करून टाकली. एकदम राजेशाही काम झालं.

संध्याकाळी भजन सुरू झालं. पहिला अभंग कसाबसा गेला. दुसऱ्यात पेटी ठेक्याच्या पुढं पळू लागली. मंग एक पट्टी चुकीची दाबली, बाजूची, आन् ती तशीच दाबून ठेवली. अभंग म्हननाऱ्यानं मान वळवून पाह्यलं. भगवंतरावले पत्ताच नाई. शेवटाले म्हननाऱ्यानं हात वर केला, टाळ थांबले, पखवाज थांबला, आन् सुन्या देवळात एकटी पेटी वाजत राह्यली. चार घटका नाई, चार श्वासच असतीन. पन बायकांच्या बाजूले प्रयागवैनीनं तोंडाले पदर लावला, ते मी पाह्यलं. साऱ्यांत शेवटी भगवंतरावनं मान वर केली.

जेवनं झाल्यावर उत्तमराव माझ्याजवळ आला आन् हळूच म्हनला, "तू लय केलं महिपत. पन आता वय झालं त्यांचं. परवा अमृतराव येते. उद्याचा दिवस जसा जाईन तसा जाऊ दे."

मले झोप कायची येते! एकच गोष्ट टोचत राह्यली. दुकानात जे बरोबर वाजलं ते देवळात काऊन बिघडलं? मानूस तोच, पेटी तीच, सळई तीच. सायकल दुकानात बरोबर चालते आन् रस्त्यावर गेली का आवाज करते, तवा आपन काय करतो? मधी काय बदललं ते पाह्यतो. बदललं होतं काय? गादी, बूट, घोंगडी. तिन्ही आरामाच्या वस्तू. त्यानं कोनाचं काय बिघडन? पन बदललं तं तेवढंच होतं.

सकाळीच बैठक उचलून भगवंतरावच्या ओसरीत नेली. ते म्हनले, "आता काऊन आनली?" मी म्हनलं, "मले दोष काढू द्या माझ्या मालाचा." आधी घोंगडी काढली. म्हनलं, वाजवा. वाजवलं, डोळे बारीक करून. मंग बूट काढले, सळया फरशीवर उघड्या. वाजवा. मान जराशी हालली त्यांची. मंग त्यांना उठवून गादी काढली. उघड्या सागाच्या फळीवर बसले, पट्टी दाबली, आन् तोंड पुन्हा तसंच झालं, दुकानात झालं होतं तसं. मी त्यांच्या मागं उभा होतो. मले समजेना. मी म्हनलं, "दादा, गादीनं काय बिघडवलं हो?"

उत्तर नाई. पेटी थांबवेल होती, ओसरीत कोनाचाच आवाज नव्हता. मी जोरात म्हनलं, "दादा!" त्यांनी मान वळवली नाई. माझ्या हातात पाना होता. मी वाकलो आन् मागच्या सळईवर पान्यानं हळूच मारलं, ठक्क.

ते झटकन मागं वळले.

मी पान्याकडं पाह्यलं, त्यांच्याकडं पाह्यलं. दारात प्रयागवैनी उभी होती. ती रडू लागली. मी समोर जाऊन बसलो आन् मोठ्यानं म्हनलं, "तुमाले ऐकू येत नाई."

"येते, जरासं," भगवंतराव म्हनले. "समोरचा बोलला तं त्याच्या ओठावरून समजते. पन टाळ सुरू झाले का माझी पेटी मले ऐकू येत नाई. दीड वर्स झालं. गुडघा पेटीले टेकवून लाकडातून थोडंसं समजे, त्याच्यावर निभवलं. तुझ्या ह्या सळईतून तं..." त्यांनी फळीवर हात ठेवला. "ह्याच्यातून सारं येते. खर्ज कमरेपर्यंत येते. दीड वर्सानं मी माझी पेटी ऐकली त्या दिवशी, तुझ्या दुकानात."

"मंग सांगतलं काऊन नाई? देवळात इचारलं तवाच सांगायचं!"

"सांगतलं तं. भर देवळात सांगतलं. बसत नाई आता, म्हनलो."

"ते तं बसाचं..."

"सूर म्हनलो होतो मी, महिपत. सूर बसत नाई आता. पुरतं बोलाच्या आधी तुमी सारे गुडघ्याकडं पाह्यले." लांब पायावर हात फिरवला त्यांनी. "मलेही बरंच वाटलं मंग. पाय मोडला तं लोक बैठक करून देतात. कान गेला तं पेटी घेऊन जातात."

मले असं वाटलं का सारं मंडळ घेऊन विहिरीत जीव द्यावा. येवढे वीस-पंचवीस मानसं, साऱ्यांना 'सूर बसला', 'गळा बसला' माहीत, रोज तोंडात, आन् त्या दिवशी एकालेही सुचलं नाई. पन मले काईतरी इचाराची खोडच हाय. मी इचारलं, "कोनता कान आधी गेला?"

प्रयागवैनी म्हनली, "चहा ठेवते."

"कोनता, दादा?"

"डावा."

डाव्या बाजूले मी बसतो. वीस वर्सं, दर एकादशीले, दर सप्त्यात, हात वर करकरून, त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर. लोक म्हनत महिपतचा टाळ फाट्यावर ऐकू जाते, आन् मी खूश होऊन आनखीन जोरात वाजवे.

"म्हातारपनानं गेला रे," भगवंतराव म्हनले. "माझ्या बापाचाही गेला होता. डोक्यात काई घेऊ नको." आता त्यांच्या बापाचा कान कोनता गेला, कशानं गेला, मले काय माहीत. मी डाक्टर नाई. पन लाज वाटली मले. जन्मात येवढी लाज वाटली नव्हती. म्हनलं, "आजपासून मी टाळ लांब जाऊन वाजवतो. नाईतर वाजवतच नाई."

"लांब गेला तं मारला जाईन मी," ते म्हनले. "पेटी मले सळईतून येते. ठेका येत नाई. कालही ठेकाच हरवला, मंग सारंच हरवलं. पखवाज दूर हाय, फरशीतून पोचत नाई. ऐक, टाळ घरी ठेव. माझ्या बाजूले तसाच बस आन् टाच ठेव सळईवर, पुढं जिथं ते जमिनीले लागते तिथं. कोनाले दिसनार नाई. ठेका देत राह्य."

त्या दिवशी दुपारी मी सागाची एक मोठी फळी देवळात नेली, फरशी वाचावी म्हून बैठकीखाली घातली, आन् बूट, गादी, घोंगडी सारं काढून टाकलं. भागाबाई चिडली. "येवढ्या मरमर करून शिवली गादी, काय काटे होते का तिच्यात?" मी म्हनलं, "गादीवर मानसाले झोप लागते." उत्तमराव म्हनला, "आन् तुझा टाळ कुठं हाय बे?" मी म्हनलं, "हात दुखते." "काल तं नव्हता दुखत." "आज दुखते! आता हाताचीही पंचाईत करता का?" तो गेला. माझ्या रागाचा येवढा तरी फायदा असते, लोक पुढं इचारत नाईत.

संध्याकाळी मी बसलो तसा, गुडघ्यावर हात, धोतराखालून टाच सळईवर. भगवंतरावनं माझ्याकडं पाह्यलं. पखवाज सुरू झाला आन् मी टाच मारू लागलो. काय वाजवली त्यांनी पेटी! म्हननाऱ्याच्या आवाजाले असं उचलून धरलं का तोही नवीनच म्हनू लागला. मावल्याचा अमृतराव एक दिवस आधीच येऊन बसेल होता, शेवटच्या रांगेत. चांगला मानूस निघाला. भजन झाल्यावर भगवंतरावच्या पाया पडला आन् उत्तमरावले म्हनला, "मामा, मी पेटीवर नाई बसत. टाळ द्या मले एक." मंग सप्ताभर तो टाळकऱ्यांत उभा होता, माझाच टाळ घेऊन, दूर, तिकडच्या खांबाजवळ.

उरलेले सारे दिवस मी टाच मारली. तिसऱ्या दिवशी ती सुजली. भागाबाईनं हळद-तेल चोळलं आन् इचारत राह्यली का हात दुखते म्हनता आन् सुजते टाच, हे काय? मी सांगतलं नाई. तिलेही नाई सांगतलं.

काल्याच्या दिवशी देऊळ भरून गेलं होतं. पन्नासेक टाळ, बायका, पोरं, बाहेर रांगोळीपर्यंत मानसं. शेवटचा अभंग चढत गेला. भगवंतराव असे वाजवून राह्यले होते का माझे डोळेच मिटले. वीस वर्सं बाजूले बसून मी ह्या मानसाची पेटी कधी ऐकलीच नव्हती, माझ्याच टाळाच्या आवाजात. आता पहिल्यांदा ऐकत होतो. ऐकता ऐकता माझी टाच थांबली.

त्याच क्षनी पेटी थांबली. पन्नास टाळ चालू, पखवाज चालू, म्हननारा चालू, आन् भगवंतरावची बोटं पट्ट्यांवर जशीच्या तशी राह्यली. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. रागानं नाई, अंधारात हात सोडेल लेकरू पाह्यते तसं पाह्यलं. मी टाच टाकली. एक, दोन, आन् पेटी पुन्हा मधातूनच अशी मिसळली का कोनाले काई कळलं नाई.

त्याच्यानंतर आरती होईपर्यंत मी काईच ऐकलं नाई. खाली मान घालून ठेका मोजत बसलो.